आधी अडलेलं काम, मग यंत्र

पत्र:

मी सातवीला विज्ञान आणि इतिहास शिकवते. वर्गात तीन मुलं अशी आहेत की त्यांच्यापर्यंत माझं शिकवणं पोचत नाही, असं मला रोज वाटतं. एका मुलाची नजर अधू आहे आणि ती पुढे आणखी कमी होईल असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तो पुस्तक नाकाशी धरून वाचतो, फळ्यावरचं त्याला दिसत नाही. एका मुलीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. ती पहिल्या बाकावर बसते, मान डोलावते, पण प्रश्न विचारला की काहीच कळलेलं नसतं. मधल्या सुट्टीनंतर ती यंत्रं काढून दप्तरात ठेवते. तिसरा मुलगा तोंडी उत्तरं फार सुंदर देतो, पण वाचायला दिलं की एकेका ओळीला त्याला घाम फुटतो. त्याला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं आहे.

शाळेला मदत म्हणून दोन टॅबलेट, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असलेला एक लॅपटॉप आणि शिक्षकाने गळ्यात अडकवायचा एक मायक्रोफोन मिळाला. एका दुपारी प्रशिक्षणही झालं. सुरुवातीला उत्साह होता, आता सगळं कपाटात आहे. मुलं मागत नाहीत आणि मलाही ते बाहेर काढायची भीती वाटते. सहकारी म्हणतात, मशीनच वाचून दाखवणार असेल तर तो मुलगा वाचायला कधी शिकणार? काही पालकांनी विचारलं, परीक्षेत त्यालाच सवलत का? मी विशेष शिक्षिका नाही. कुठून सुरुवात करू?

— एक शिक्षिका

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: 'मुलं मागत नाहीत.' सातवीतलं मूल मदतीची वस्तू मागत नाही, तेव्हा त्यात त्याचा आळस किंवा हट्ट शोधू नका. बहुतेक वेळा ती वस्तू त्याच्या कुठल्याच अडचणीला धरून आलेली नसते. १९९३ साली अमेरिकेत दोनशेहून जास्त अपंगत्व असलेल्या प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या साधनांपैकी सुमारे २९ टक्के साधनं त्यांनी वापरणं सोडून दिलं होतं. कारणं बघा: निवड करताना वापरणाऱ्याचं मत विचारात घेतलं नव्हतं, साधन सहज मिळत होतं म्हणून घेतलं गेलं, ते नीट चालत नव्हतं, किंवा माणसाची गरजच मधल्या काळात बदलली होती. ती तर मोठी माणसं होती, आपलं म्हणणं मांडू शकणारी. मुलांच्या बाबतीत त्यांना विचारायचं राहून जाणं किती सोपं आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या शाळेत यंत्रं आधी आली आणि ती कुणाला द्यायची हे नंतर ठरलं. हा क्रम उलटा करायचा आहे. जॉय झबाला या अमेरिकी तज्ज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात शाळांसाठी एक साधी चौकट मांडली, ती आजही वापरात आहे. आधी विद्यार्थ्याचा विचार करा, मग तो ज्या ठिकाणी आणि ज्या माणसांत शिकतो त्याचा, मग त्याला तिथे जी कामं करायची आहेत त्यांचा, आणि मग साधनाचा. साधन मुद्दाम शेवटी ठेवलेलं आहे.

म्हणून पुढचा आठवडाभर कपाट उघडूच नका. एक वही घ्या आणि ही तीन मुलं तासाच्या कोणत्या क्षणी थांबतात ते टिपा. 'त्याला दिसत नाही' असं लिहू नका. 'फळ्यावरची आकृती उतरवत होता, तोवर मी पुढच्या मुद्द्यावर गेले' असं लिहा. अडचण इतकी नेमकी लिहिली की पुष्कळदा उपायही त्याच ओळीत दिसतो: ती आकृती तासाच्या आधीच त्याच्या हातात असायला हवी. त्यासाठी यंत्र लागेलच असं नाही. मग प्रत्येक मुलाशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नको. 'तुला काय जमत नाही?' हा प्रश्न टाळा. 'माझ्या तासात तुला सगळ्यात जास्त दमवणारं काम कोणतं?' असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. कारण हा प्रश्न त्यांना बहुधा आजवर कुणी विचारलेला नाही.

तुम्ही विशेष शिक्षिका नाही, हे या कामात आड येत नाही. यंत्र कसं बसवायचं ते श्रवणतज्ज्ञ सांगतील, ब्रेल विशेष शिक्षक शिकवतील. पण तुमच्या तासात मूल नेमकं कुठे अडतं, हे बाहेरून येणाऱ्या कुणालाही दिसणार नाही.

आता त्या मुलीबद्दल. तिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिची अडचण वर्गात कुणालाच दिसत नाही. पहिल्या बाकावर बसणारी, मान डोलावणारी मुलगी समजूतदार वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण ते सगळेच आवाज मोठे करतं. तुमचा आवाज, पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा कर्कश आवाज, मागच्या मुलांची कुजबुज, शेजारच्या वर्गातला गलका. नव्या यंत्रांत गोंगाट गाळायची सोय असते, तरी वर्गात तिची मर्यादा लवकर येते. त्यात अंतराची भर पडते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात मिसळतो आणि शब्दांच्या कडा पुसट होतात. श्रवणयंत्र एक-दोन मीटरच्या आत बोलणाऱ्या माणसासाठी सर्वांत उपयोगी असतं. तुम्ही शिकवता शिकवता खिडकीपाशी गेलात की ती त्या कक्षेतून बाहेर पडते. शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असावा, अशी श्रवणतज्ज्ञांची मुलांसाठी शिफारस असते. भरलेल्या वर्गात नुसतं मोठ्याने बोलून हे साधत नाही, आणि ओरडलं की ओठांची हालचाल विचित्र होऊन ओठ वाचणंही कठीण जातं.

गळ्यातला तो मायक्रोफोन नेमका याच अडचणीसाठी आहे. तो तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर राहतो आणि तुमचा आवाज थेट तिच्या कानातल्या यंत्रात पोचवतो. तुम्ही वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी तिच्यासाठी तुम्ही जवळच बोलत असता. कपाटातल्या सगळ्या वस्तूंमध्ये ही वस्तू सर्वांत लवकर फरक दाखवेल, असं मला वाटतं. पण एक अट आहे. तो मायक्रोफोन तिच्या श्रवणयंत्रांशी जुळणारा हवा आणि तो जोडून दिलेला हवा. काही यंत्रांना त्यासाठी वेगळा रिसीव्हर बसवावा लागतो, काहींना गळ्यात घालायची तारेची माळ लागते. जोडणीच झालेली नसेल, तर तुम्ही दिवसभर मायक्रोफोन घालून फिरलात तरी तिला काहीही वेगळं ऐकू येणार नाही, आणि सगळ्यांना वाटेल की यंत्र कुचकामी आहे. तेव्हा आधी तिच्या श्रवणतज्ज्ञांना त्या मायक्रोफोनचं नाव आणि मॉडेल कळवा.

जोडणी झाल्यावर काही सवयी तुम्हालाच लावून घ्याव्या लागतील. दुसऱ्या मुलाला बाजूला घेऊन रागावताना, किंवा सहकाऱ्याशी खासगी बोलताना मायक्रोफोन बंद करा, नाहीतर ते सगळं तिच्या कानात जातं. त्याचा तिला त्रास होतो आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याचीही अब्रू जाते. चर्चेच्या वेळी मायक्रोफोन बोलणाऱ्या मुलाच्या हातात द्या. ते शक्य नसेल तर प्रत्येक उत्तर तुम्ही स्वतः पुन्हा म्हणा. वर्गात हशा पिकतो आणि तिला तो कशामुळे हे कळत नाही, हा एकटेपणा मोठ्या माणसांनाही सोसत नाही. व्हिडिओ दाखवताना मायक्रोफोन स्पीकरपाशी ठेवा किंवा तारेने जोडता येत असेल तर जोडा, आणि उपशीर्षकं असतील तर चालू करा. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं विशेषनामं आणि शास्त्रीय संज्ञा हमखास चुकवतात. म्हणून असे शब्द आधीच फळ्यावर लिहून ठेवा.

रोज सकाळी एक छोटी तपासणी करा. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी सुचवलेले सहा ध्वनी आहेत: आ, ई, ऊ, श, स, म. बोलण्यातले जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंतचे सगळे सूर त्यांत येतात. तिच्या मागे एक-दोन मीटरवर उभं राहून हे ध्वनी क्रम बदलून, मध्ये कमीजास्त वेळ थांबून म्हणायचे. तिने ऐकलेला ध्वनी परत म्हणायचा. काल 'स' ऐकू येत होता आणि आज येत नाही, म्हणजे बॅटरी, नळीत साठलेला ओलावा, मळ किंवा कानच, काहीतरी तपासायला हवं. हे मिनिटभरात होतं. पूर्ण दिवस बंद पडलेलं यंत्र घालून बसण्यापासून ते तिला वाचवतं.

सुट्टीनंतर ती यंत्रं का काढते, हे तिलाच विचारा. माझा अंदाज असा की ती दमते. तुटक ऐकू आलेल्या शब्दांवरून वाक्य जुळवायला डोक्याला फार मेहनत पडते, आणि सुट्टीतल्या कोलाहलानंतर ती मेहनत नकोशी होते. कानातला साचा टोचत असेल, कुणी चिडवलं असेल, हेही शक्य आहे. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. रागावून यंत्रं घालायला लावणं हा यातल्या कशावरही उपाय नाही. दमत असेल तर दिवसातून एकदा दहा मिनिटं शांत वाचन किंवा चित्र काढण्याचं काम सगळ्या वर्गाला द्या. तिलाही विसावा मिळेल आणि ती वेगळी पडणार नाही. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, खिडकीला पाठ करून उभ्या राहू नका. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडायला हवा.

आता डिस्लेक्सिया असलेला मुलगा आणि तुमच्या सहकाऱ्यांची शंका. शंका प्रामाणिक आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजण्यासाठी दोन क्षमता लागतात: अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि बोललेली भाषा समजणं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचलेलं कळणं, आणि गुणाकारात एक संख्या शून्याच्या जवळ गेली की उत्तरही तिथेच जातं. या मुलाची दुसरी क्षमता उत्तम आहे, तो तोंडी सुंदर उत्तरं देतो असं तुम्हीच लिहिलंय. पहिली अडली आहे आणि त्यामुळे इतिहास, विज्ञान, सगळंच अडलं आहे.

मग दोन गोष्टी एकाच वेळी चालू ठेवायच्या. शब्द उलगडायला शिकवणं थांबवायचं नाही. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं हे सगळं क्रमाने, सावकाश, रोज थोडा वेळ चालूच राहिलं पाहिजे. टॅबलेट ते काम करत नाही आणि त्याच्यावर ते सोपवूही नये. पण इतिहासाच्या तासाला त्याला धडा ऐकू द्या. वाचून दाखवणाऱ्या साधनांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. वाचनात अडचण असलेल्या मुलांना मजकूर समजायला या साधनांची मदत होते, असं त्यात दिसलं. परिणाम चमत्कार म्हणावा इतका मोठा नव्हता, पण होता. आणि मूल वर्षानुवर्षं फक्त स्वतःला वाचता येईल तेवढंच वाचत राहिलं, तर त्याचा शब्दसंग्रह आणि जगाबद्दलचं ज्ञान मागे पडतं, मग पुढे ती दुसरी क्षमताही कमजोर होते. ऐकू न देण्याची ही किंमत सहकाऱ्यांना जरूर सांगा.

टॅबलेटवर वाचला जाणारा शब्द रंगाने उठून दिसेल अशी सोय चालू करा, म्हणजे डोळे आणि कान बरोबर चालतात. यंत्राचा आवाज सुरुवातीला रुक्ष वाटतो. गती त्याची त्याला ठरवू द्या. लिहिण्यासाठी बोलून टंकलिखित करण्याची सोय असते, पण वर्गाच्या गोंगाटात ती फसते, आणि आधी मुद्दे ठरवले नाहीत तर मूल भरकटत बोलत जातं. शांत कोपरा आणि पाच मुद्द्यांचं टिपण, एवढं झालं तर तिचा उपयोग होईल. डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेले खास फॉन्ट आणि रंगीत काचा यांचा गाजावाजा होतो, पण त्यांच्यामागचा पुरावा कमकुवत आहे. अक्षर मोठं करा, अक्षरांमध्ये आणि ओळींमध्ये मोकळी जागा सोडा. त्याने जास्त फरक पडतो.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तरही याच धाग्यात आहे. कोणत्याही परीक्षेआधी स्वतःला विचारा, मी नेमकं काय तपासते आहे? वाचनाची परीक्षा असेल तर मशीनने वाचून दाखवायचं नाही, त्याला स्वतःला वाचू द्यायचं आणि मिळतील तेवढे गुण खरे मानायचे. पण फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं त्याला कळली आहेत का, हे तपासायचं असेल, तर प्रश्न कानाने कळला की डोळ्याने, याचा त्या कारणांशी काही संबंध नाही. उत्तर त्यालाच शोधावं लागतं. प्रश्न ऐकवल्याने इतिहास न शिकलेल्या मुलाला इतिहास येत नाही. पालकांना हे शांतपणे, उदाहरण देऊन सांगा, त्या मुलाचं नाव न घेता. आणि 'सवलत' हा शब्द शाळेत कुणी वापरला तर मुख्याध्यापकांना आठवण करून द्या की संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात शिक्षणाचं एक स्वतंत्र कलम आहे, आणि गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणं हे त्यात कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. फक्त एक पथ्य पाळा. परीक्षेत जे साधन वापरायचं ते वर्षभर वर्गात वापरलेलं असावं. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात आलेलं साधन मुलाला बुडवतं.

नजर अधू असलेल्या मुलासाठी सोप्या गोष्टी आधी सांगते. वस्तू निम्म्या अंतरावर आणली की डोळ्याला ती दुप्पट मोठी दिसते, म्हणून तो पुस्तक नाकाशी धरतो. ते चुकीचं नाही, त्याला त्यावरून टोकू नका. तिरपं वाचन-स्टँड द्या, मानेवरचा ताण जाईल. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करून पाहा, काही डोळ्यांना चमक सोसत नाही. फळ्यावर जे लिहिणार ते आधी त्याच्या टॅबलेटवर पाठवा, आणि लिहिताना प्रत्येक ओळ तोंडाने म्हणा. 'हे इथून इकडे जातं' हे वाक्य त्याच्यासाठी रिकामं आहे. 'रक्त उजव्या कर्णिकेतून उजव्या जवनिकेत जातं' असं म्हणा. याचा फायदा सगळ्या वर्गाला होईल.

लांब मजकूर कानाने, छोटा मजकूर डोळ्याने, अशी वाटणी त्याला सुचवा. टॅबलेटमध्ये आणि फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आधीपासूनच असते: अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोन-आयपॅडवर व्हॉइसओव्हर. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ते २००६ साली लिहायला घेतलं, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याच्याबरोबर आला. जगभरचे लोक ते आज वापरतात. तुमच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जरूर सांगा. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांनी स्वतःच हे साधन घडवलं, हे त्याला कळायला हवं. लॅपटॉप देण्याआधी मात्र त्याला न बघता टायपिंग शिकवा. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर, माउसवर चालत नाही, तो कळफलकावर चालतो. ज्याची बोटं कळफलकावर बसलेली नाहीत, त्याच्यासाठी तो लॅपटॉप निव्वळ ओझं आहे. तुमच्या शाळेत तो कपाटात गेला त्याचं मोठं कारण हेच असावं, असा माझा कयास आहे.

दुसरं कारण तुम्ही देत असलेला मजकूर असू शकतो. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पाठवला, तर यंत्राच्या लेखी ते एक चित्र आहे, त्यात वाचण्याजोगं एकही अक्षर नाही. चित्रावरून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत, पण देवनागरीतली जोडाक्षरं ती कधी कधी भलतीच ओळखतात, म्हणून पाठवण्याआधी एकदा नजर टाकावी लागते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका तुम्हाला स्वच्छ मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर तिच्यातून निरर्थक अक्षरांचा कचरा वाचतो. प्रश्नपत्रिका, टिपणं, सगळं युनिकोडमध्ये करा. शीर्षकं टाइप करायच्या सॉफ्टवेअरमधल्या शीर्षकाच्या (हेडिंग) सोयीनेच द्या, म्हणजे त्याला धड्यात उड्या मारत हवं तिथे जाता येईल. प्रत्येक आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन लिहा. पुस्तक सुलभ रूपात करण्यात स्वामित्वहक्काची अडचण येईल असं कुणी म्हणालं, तर २०१३ सालचा मराकेश करार त्याचसाठी झाला आहे. करारात सामील देशांना अंध, अधू नजरेच्या आणि छापील वाचनात अडचण असलेल्या लोकांसाठी अशा प्रती करण्याची मुभा कायद्यात द्यावी लागते. तुमचा डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थीही त्यात येतो.

गणिताच्या शिक्षकांनाही एक गोष्ट सांगा. 'एक भागिले एक्स अधिक दोन' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन वेगळी गणितं दिसू शकतात: दोन छेदात आहे की छेदाबाहेर? 'छेदात एक्स अधिक दोन, छेद संपला' असं म्हणायची सवय लागली की हा घोळ मिटतो.

आणि ब्रेल. नजर कमी होत जाणार हे माहीत असेल, तर ब्रेल आत्ताच सुरू करायला हवं, थोडंफार दिसत असतानाच. यावर घरचे दुखावतील, कारण त्यांना ते हार मानल्यासारखं वाटतं. त्यांच्याशी हळुवार बोला, पण हे टाळू नका. ऐकून आशय कळतो, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, विरामचिन्हं कळत नाहीत, परिच्छेद कुठे तुटला ते कळत नाही. शब्दाला हात लावून वाचता येणं ही वेगळी गोष्ट आहे. पुढे त्याला ब्रेल डिस्प्ले मिळाला, म्हणजे संगणकावरचा मजकूर उठणाऱ्या-बसणाऱ्या ठिपक्यांत दाखवणारं यंत्र, तर तेही बोटांना लिपी येत असेल तरच उपयोगाचं. लुई ब्रेल यांनी ही लिपी १८२४च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी बांधली, १८२९ साली ती छापून आली. तरी त्यांच्याच पॅरिसमधल्या अंधशाळेत तिला बराच काळ विरोध झाला. डोळसांची अक्षरंच उठावदार करून अंधांनी वाचावीत, वेगळी लिपी त्यांना समाजापासून तोडेल, असं डोळस शिक्षकांना वाटत होतं. मुलं मात्र ठिपक्यांनी वाचत आणि लिहीत राहिली. अधिकृत मान्यता १८५४ साली मिळाली, ब्रेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर. साधन मुलाला अधू करेल की मोकळं करेल हे ठरवताना वापरणाऱ्या मुलाचं ऐकायला हवं होतं, ते तीस वर्षं कुणी ऐकलं नाही. तुमच्या सहकाऱ्यांशी बोलताना हा इतिहास उपयोगी पडेल.

तुम्हाला कपाट उघडायची भीती वाटते, त्याबद्दल. तीन मुलं आणि चार यंत्रं एकदम हाताळू नका. पहिला महिना फक्त मायक्रोफोन. तो अंगवळणी पडला की दुसऱ्या महिन्यात डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी इतिहासाचा एक धडा ऐकण्याच्या रूपात, फक्त एकाच कामासाठी. त्याला रुचतंय का, उत्तरं सुधारली का, हे दोन-तीन आठवडे पाहा आणि नाही जमलं तर दुसरं काही करून बघा. त्याच काळात अधू नजरेच्या मुलाचं टायपिंग आणि ब्रेल विशेष शिक्षकांकडे सुरू झालेलं असेल. चार्जिंग कुणी करायचं, हे नावानिशी ठरवा. सकाळी बॅटरी संपलेली असणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा साधनाचा घात करतं. आणि यंत्र बंद पडलं तर त्या तासाला काय करायचं, तेही आधी ठरवून ठेवा: छापील मोठी प्रत, शेजारच्या मुलाने वाचून दाखवणं, जे असेल ते.

वेगळं दिसण्याची लाज ही या वयात खरी असते. धडा ऐकायची सोय सगळ्या वर्गाला खुली ठेवा, हेडफोन ज्याला हवा त्याने लावावा. आणखी काही मुलं ती वापरू लागतील आणि त्या मुलाकडे बघणाऱ्या नजरा कमी होतील. पण तो एखाद्या दिवशी 'आज नको' म्हणाला, तर त्याचं ऐका.

वर्ष संपताना प्रत्येक मुलासाठी एक पानभर टिपण लिहा, मुलाला शेजारी बसवून: काय वापरलं, कोणत्या कामाला, काय उपयोगी पडलं नाही, कोणती सेटिंग त्याला आवडते, यंत्र कुणाकडून दुरुस्त होतं. ते पान आठवीच्या शिक्षकांच्या हातात प्रत्यक्ष द्या आणि त्यांना मायक्रोफोन एकदा घालून दाखवा.